न चाखलेलं कासलर

मी सहा वर्षं डुकराचं मांस शिजवलं आणि एकदाही तोंडात घातलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ऐकून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. माझं असल्या नाकांना भिऊन झालंय.

माझं नाव सुमन. नाशिकरोडला जेलरोडच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. पत्र्याची घरं, मागं हातभर अंगण. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. नाव कोंडाजी. पूर्वी मी घेत नव्हते, आता घेते. शहात्तर साली मी देवळालीला हेल्गाबाईंच्या बंगल्यावर कामाला लागले. त्यांचा नवरा जर्मन, सातपूरच्या एका कारखान्यात मोठा इंजिनीअर. सुरुवातीला धुणंभांडी, मग भाजी चिरणं, आणि वर्षभरात सगळं स्वैपाकघर माझ्या हातात आलं.

हेल्गाबाई म्हणजे दारातून जाताना वाकावं लागेल एवढी उंच बाई. हिंदी बोलायची ती तोडूनमोडून, पण बोलायची. तिला आपल्याकडचं सगळं चालायचं. ठेचासुद्धा खायची, डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत. फक्त एका गोष्टीसाठी तिचा जीव तुटायचा, ती म्हणजे कासलर. त्यांच्याकडं डुकराची पाठ बरगड्यांसकट मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग धुरावर धरतात, आणि एकेका हाडागणिक चॉप कापून आंबवलेल्या कोबीबरोबर खातात. तिच्या आईच्या घरी रविवारी असायचं म्हणे. इथं ते कोण विकणार? मग घरीच करायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "बाई, करीन मी. पण खाणार नाही, चाखणारही नाही."

"मुसलमान?" तिनं विचारलं.

"नाही. बौद्ध."

"बौद्ध मटण नहीं खाता?"

"मटण खातो, मासे खातो. हे नाही खात."

तिनं मान हलवली, आणि सहा वर्षांत पुन्हा तो विषय काढला नाही. एकदा सांगितलेलं समोरच्याला कळतं, असा अनुभव मला तोवर फारसा आलेला नव्हता.

आता का नाही खात, तेही ऐका. सगळेच बौद्ध सोडून बसलेत असं नाही, ज्याचं त्याच्याजवळ. पण आमच्या ह्यांच्या घरात छप्पन सालापासून बंद. हे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. दारणाकाठच्या गावात शाळेत जायचे, कोपऱ्यात बसायचे, आणि पोरं त्यांना डुकरखाऊ म्हणायची. नावानं कुणी हाक मारायचंच नाही. मास्तरसुद्धा हजेरी घेताना हसायचा. धम्म घेतला त्या साली ह्यांच्या आईनं, यशोदाबाईंनी, ज्या भांड्यात ते शिजायचं ते भांडं नेऊन दारणेत सोडलं. चांगलं जाडजूड पितळी भांडं होतं. त्यानंतर शाळेत एकानं तोच शब्द काढला तेव्हा ह्यांनी मान वर करून सांगितलं, "आम्ही नाही खात." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला हे सांगितलं होतं. सांगताना आवाज बदलला होता त्यांचा. तो माणूस एवढ्या एका वाक्याच्या जोरावर ताठ चालायला शिकला होता, हे मी ओळखून होते. तरी बंगल्यावर शिजवायला त्यांनी हरकत घेतली नाही, कामाला लाज कसली म्हणाले. फक्त म्हणाले, "घरात आणायचं नाही आणि तोंडात घालायचं नाही."

मग न चाखता मी करायची कसं? सगळे हेच विचारतात. अहो, नाक आहे, डोळे आहेत, अंगठा आहे. देवळाली कॅम्पातून भिकन, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर, चार किलोची पाठ घेऊन यायचा. मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायची. त्यात मीठ, साखर, मिरी, लवंग, तमालपत्र, ठेचलेला लसूण, आणि भद्रकालीतल्या जडीबुटीच्या दुकानातून आणलेला सोरा, चिमटीच्या वर नाही. सोऱ्यानं मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं. पाणी पार गार झालं की त्यात एक कच्चं अंडं सोडायचं. अंडं तळाला बसलं तर मीठ कमी. वर येऊन चार आण्याच्या नाण्याएवढं डोकं बाहेर काढलं की मीठ बरोबर. मग मांस चिनी मातीच्या बरणीत घालून पाण्याखाली दाबून ठेवायचं, दहा दिवस, रोज उलटं करायचं.

त्यानंतर धुऊन, पुसून, टांगून सुकवायचं आणि धुरावर धरायचं. त्याला बाईच्या नवऱ्यानं कारखान्यातून तेलाचा एक पिंप घासून, जाळून, आत आकडे लावून आणला होता. लाकडाचं मात्र त्या दोघांना जमेना. बाभळीनं काळं पडलं, सागाच्या भुशानं कडू झालं. हेल्गाबाई रडकुंडीला आली. मग मी द्राक्षाच्या पेट्या ठोकणाऱ्याकडून आंब्याचा भुसा आणला. त्याला ज्योत धरू द्यायची नाही, नुसता धुमसू द्यायचा, सहा-सात तास. मांसावर मधासारखा रंग चढला की झालं. अंगठ्यानं दाबायचं, पोळीच्या कणकेएवढं दबलं की उतरवायचं. त्या दिवशी हेल्गाबाईनं पहिला घास खाल्ला आणि खुर्चीवर बसून आईची आठवण काढून रडली. मी बाहेर उभी. मला त्याची चव माहीत नव्हती, पण ती बाई रडली म्हणजे नीट झालं असणार.

असं सहा वर्षं चाललं. ब्याऐंशीच्या दिवाळीआधी ती दोघं कायमची परत गेली. जाताना बाईनं मला तो पिंप दिला, बरणी दिली, आणि तिच्या नवऱ्यानं कंपनीला पत्र लिहिलं, की आमच्या सुमनबाईला गंगापूर रोडच्या गेस्ट हाउसमध्ये कायम स्वैपाकीण म्हणून घ्या.

कायम. ह्या शब्दासाठी माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते तुम्हाला कळायचं नाही. बंगल्यावरची बाई म्हणजे काय, साहेब गेला की बाई गेली. कायम म्हणजे कंपनीच्या कागदावर नाव. सुमन कोंडाजी शेजवळ, स्वैपाकीण. आजारी पडलं तर दवाखाना, हक्काची सुट्टी, गळ्यात फोटो लावलेलं ओळखपत्र. मला जन्मभर कुणाकडची तरी बाई म्हणूनच ओळखलं होतं. मला एकदा तरी माझं स्वतःचं काहीतरी म्हणवून घ्यायचं होतं.

गेस्ट हाउस ज्यांच्या ताब्यात होतं ते गर्गे साहेब. गोरे, गुळगुळीत, बोलायला गोड. चार माणसांत मला सुमनबाई, तुम्ही म्हणायचे, आणि स्वैपाकघरात शिरले की सुमन, तू. त्यांनी पत्र वाचलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जानेवारीत जर्मनीहून दोन साहेब येतायत. त्यांना दुपारच्या जेवणाला तुमचं ते कासलर घाला. नीट झालं की त्याच दिवशी सही करतो. कागद टाइप करून ठेवतो ना मी."

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण लगेच गेस्ट हाउसचा केअरटेकर धोंडीराम आडवा आला. म्हणाला, कच्चं डुक्कर ह्या फ्रिजमध्ये नाही राहणार, दुधाशेजारी. गर्गे साहेब म्हणाले, बरोबर आहे त्याचं, तुम्ही घरून तयार करून आणा की, इथं नुसतं गरम करायचं. म्हणजे ते दहा दिवस मुरवणं आणि धूर देणं, सगळं माझ्या घरात.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसले. ते पहिल्या पाळीहून आलेले, कानात कोळशाची पूड तशीच.

"घरात नाही," ते म्हणाले.

"घरात नाही, अंगणात. बरणी वेगळी, पातेलं वेगळं. माझ्या चुलीवर काही चढणार नाही."

"वास येईल. वस्ती विचारील."

"सांगीन साहेबाचं काम आहे म्हणून. तुम्ही कोळसा उपसता तो काय तुमच्या घरचा असतो?"

त्यांनी टॉवेलनं कानातली पूड पुसली. मग म्हणाले, "सुमन, तुला कायम व्हायचंय हे मला कळतं. कर. पण तोंडात घालू नको. माझ्याकडं लोकांना सांगायला एवढंच आहे."

"सहा वर्षांत घातलं का?"

"नाही."

"मग?"

आमच्याकडं फ्रिज नव्हता, पण नाशकातली जानेवारीची थंडी फ्रिजपेक्षा कमी नसते. अंगणात खड्डा घेतला, ओली वाळू भरली, त्यात बरणी गळ्यापर्यंत पुरली आणि वर पोतं ओलं करून टाकलं. दहा दिवस मी सकाळी उठून आधी ती बरणी बघायची, मग तोंड धुवायची. अकराव्या दिवशी पिंप पेटवला. शेजारच्या सिंधुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, गोडसर वास सुटलाय. काय भाजते?" मी म्हणाले, साहेबाचं काम. त्यांनी एकदा पिंपाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पदर नाकाला लावून आत गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. विहारात दर पौर्णिमेला वंदना आमचे हे सांगायचे, आणि त्यांच्या दारात हा धूर. पण हे स्वतः घराच्या पायरीवर बसून राहिले आणि जो विचारील त्याला सांगत राहिले, "तिचं काम आहे. आम्ही नाही खात." मला आतून भरून आलं होतं. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मला वाटलं.

जेवणाच्या दिवशी भिकन जीप घेऊन आला. मी हातमागाची निळी साडी नेसले होते. बटाटे कुस्करून लोणी घातलं, कोबी तर महिनाभर आधीच आंबवली होती. हाडांमधून सुरी घालून चौदा चॉप कापले. एकसारखे, आतून गुलाबी, कडेला चरबीची बोटभर पट्टी. तव्यावर लोणी टाकून हलक्या हातानं दोन्हीकडून गरम केले. धोंडीराम लांब दाराशी उभा राहून बघत होता, आणि भिकन पाणी प्यायला आत आलेला. तेवढ्यात गर्गे साहेब आले. बाहेर पाहुणे बसलेले, हसण्याचे आवाज येत होते.

"वा, दिसतंय तर झकास," ते म्हणाले. "तू खाऊन बघितलंस ना?"

"नाही साहेब. मी चाखत नाही."

"म्हणजे?"

"आम्ही खात नाही. बाईंच्या घरीपण नाही चाखलं कधी. मीठ अंड्यानं बघते मी. बरोबर आहे, काळजी करू नका."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "अगं, मिठाचं कोण बोलतंय? पोर्कमध्ये किडे असतात, मेंदूत जातात. तू ते घरी केलंस, तुमच्या त्या वस्तीत, मातीत पुरून. पाहुण्यांना काही झालं तर मी काय उत्तर देऊ? आधी तू खा."

"साहेब, नको. धोंडीरामभाऊला द्या, भिकनला द्या."

धोंडीराम दोन पावलं मागं सरकला. भिकननं पेला ठेवला आणि जमिनीकडं बघितलं.

"त्यांनी केलंय का? तू केलंयस. केलेलं खायला तुला भीती वाटते, आणि मी ते जर्मन साहेबांच्या पुढं ठेवू?" मग त्यांनी खिशातून कागद काढला. खरंच टाइप केलेला होता. माझं नाव मला दिसलं. "हे बघ, मला सही करायचीय. पेन उघडूनच आलोय मी. एक घास खा, पाच मिनिटं थांबू, मग वाढू. काय एवढं मोठं?"

आता तुम्ही म्हणाल, कागद तोंडावर फेकून निघून यायचं होतंस. मला सगळे हेच सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं. मी उभी होते त्या ठिकाणी मला दहा दिवस दिसले, पुरलेली बरणी दिसली, सहा वर्षं दिसली. म्हटलं, एक घास. ह्यांना कागद हातात देऊन सांगीन, पाया पडीन, ते समजून घेतील. मी सुरीनं एक तुकडा कापला आणि तोंडात घातला.

चांगलं लागलं. हेच मला आजही सहन होत नाही. वाईट लागलं असतं, ओकारी आली असती, तर मनाला काहीतरी धरायला मिळालं असतं. पण ते मऊ होतं, खारट-गोड, धुराच्या मागून लसूण येत होता. सहा वर्षं मी जे नाकानं आणि अंगठ्यानं ओळखत होते ते असं लागतं, हे मला कळलं, तेही गर्गे साहेब मनगटावरच्या घड्याळाकडं बघत समोर उभे असताना. पाच मिनिटं ते खरोखर थांबले. घरात विषाचा संशय आला की आधी मांजराला घालतात ना, तशी मी उभी होते. मी पडले नाही, तेव्हा ते म्हणाले, "चला, वाढा."

टेबलावर नुसता जयजयकार. म्हातारा जर्मन साहेब स्वतः उठून स्वैपाकघरात आला, माझा हात हातात घेतला आणि काय काय बोलला. गर्गे साहेबांनी सांगितलं, तो म्हणतोय त्याच्या गावातसुद्धा असं मिळत नाही. गर्गे साहेबांनी स्वतः तीन चॉप खाल्ले. मी दारातून मोजले. तिसऱ्याचं हाड त्यांनी हातात धरून चोखलं आणि नॅपकिननं बोटं पुसली. पोर्क म्हटलं, काटा-चमचा धरला, की सगळं धुऊन निघतं. आमच्या तोंडी तेच गेलं की ते डुक्कर होतं.

पाहुणे तीन वाजता गेले. मी पदरानं हात पुसत ऑफिसच्या खोलीत गेले. गर्गे साहेब सुपारी कातरत होते.

"बस," म्हणाले. त्यांनी मला कधी बस म्हटलेलं नव्हतं.

"छान झालं हं जेवण. पण सुमन, थोडी अडचण आहे. इथं हेड ऑफिसचे डायरेक्टर उतरतात. दोघं पक्के शाकाहारी आहेत, एकाची आई सोबत येते. त्यांना उद्या कळलं की इथली स्वैपाकीण डुक्कर खाते, तर ते पाणी पिणार नाहीत इथं."

मला आधी कळलंच नाही ते काय बोलताहेत. "मी खात नाही साहेब."

"आता खाल्लंस ना?"

"तुम्ही खायला लावलंत."

"हो, पण खाल्लंस. धोंडीरामनं बघितलं, भिकननं बघितलं. धोंडीराम आत्ताच येऊन सांगून गेला, ही बाई ठेवणार असाल तर मी त्या भांड्यांना हात लावणार नाही. त्या जर्मनाच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, ही बाई करते पण स्वतः शिवत नाही. म्हणून तर तुझा विचार केला होता आम्ही. आता मी ते कुठल्या तोंडानं वर सांगू?"

पत्रात लिहिलं होतं. ह्या माणसाला आधीपासून माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले.

"तुम्ही तीन खाल्लेत साहेब."

ते हसले. रागावले नाहीत, हसले. "अगं, आम्ही टेबलावर खातो. आम्ही काय स्वैपाकघरात शिरतो?"

कागद टेबलावर पडलेला होता. त्यांनी तो चार घड्या करून फाडला आणि तुकडे टोपलीत टाकले. मग म्हणाले, वर्षातून दोनदा जर्मन साहेब येतात, तेव्हा घरून करून पाठवत जा, भिकन येऊन घेऊन जाईल, तुझी मेहनत वाया जाऊ देणार नाही. मला खूप काही बोलता आलं असतं, आजही झोपेत बोलते. त्या वेळी तोंड उघडलं नाही. तोंडात अजून तीच चव होती.

बाहेर धोंडीरामनं उरलेले दोन चॉप माझ्याच डब्यात घालून डबा पायरीवर ठेवला होता. "घेऊन जा बाई. हे इथं ठेवता येत नाही," म्हणाला. भिकननं जीपचं दार उघडलं, मी बसले नाही. शालिमारपर्यंत चालत आले आणि तिथून नाशिकरोडची बस धरली.

घरी पोहोचले तेव्हा ऊन अजून पायरीवर होतं. आमच्या ह्यांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, मला न सांगता. अंघोळ करून धुतलेला सदरा घातलेला. आत चहाचं आधण ठेवलेलं, आणि सिंधुबाईंकडून मागून आणलेले चार कप ओळीनं मांडलेले. वस्तीतल्या दोघा-तिघांना त्यांनी संध्याकाळी चहाला बोलावलं होतं. बायको कंपनीत कायम झाली म्हणून.

माझं तोंड बघून त्यांनी आधण उतरवलं. "नाही झालं?"

मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. लपवायचं ठरवलं असतं तर एखादा दिवस लपलं असतं, भिकन शेवटी बोललाच असता. पण मला लपवायचं नव्हतं. घड्याळ सांगितलं, कागद सांगितला, तो घास सांगितला. चव चांगली लागली तेसुद्धा सांगितलं. मी म्हणाले, "मारा मला हवं तर. माझ्यामुळं तुमचा शब्द गेला आणि हातात काही आलं नाही." कुंपणापलीकडं सिंधुबाई उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "डब्यात काय आहे?"

"तेच. उरलेलं. फेकून येते नाल्यात."

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, भिरकावतील. ते पायरीवर माझ्याशेजारी बसले, झाकण काढलं आणि एक चॉप हाडाला धरून उचलला. मी हात धरला. म्हणाले, "अहो नका, तुम्ही नका." त्यांनी माझा हात बाजूला केला, जोरानं नाही, आणि दातांनी तोडून खायला लागले. थंडगार मांस, चरबी गोठलेली. छप्पन सालापासून ज्या माणसानं त्याला हात लावला नव्हता तो भर गल्लीत, धुतलेल्या सदऱ्यात, सावकाश चावून खात होता. चहाला आलेले दोघं कोपऱ्यावर थबकले आणि तिथूनच परत फिरले. ते दिसले ह्यांना. ह्यांनी खाणं थांबवलं नाही.

नोकरी गेली तेव्हा मी रडले नव्हते. आता रडले. म्हणाले, "तुम्हाला कुणी खायला सांगितलं होतं हो? तुम्ही कशाला?"

"तुला त्यांनी एकटीला खायला लावलं," ते म्हणाले. "आता बोलायचं झालं तर लोकांना दोघांना बोलावं लागेल."

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, आठ दिवस अबोला धरला असता, तर मी ते सोसलं असतं आणि माझं ओझं हलकं झालं असतं. गर्गे साहेबांनी माझ्याकडून घेतलं ते घेतलं. ह्यांच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते देऊन टाकलं, माझ्यासाठी. त्याची परतफेड मी कुठल्या जन्मी करणार होते?

हाड साफ करून त्यांनी डब्यात ठेवलं. मग नळावर गेले, चुलीतली राख घेतली आणि हात घासायला लागले. घासले, हुंगले, पुन्हा राख घेतली. अंधार पडायला लागला तरी ते तिथंच बसलेले. आंब्याच्या धुराचा तो वास बोटांवरून तीन दिवस जात नाही. मला सहा वर्षांपासून माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही.